दारलावरे यांच्या मते

सर, आधीच सांगून ठेवते, रागवायचं नाही. काल तुमच्या दहाव्याला वडगाव रासाईच्या घाटावर मी गोंधळ घातला. साधासुधा नाही, चांगला चार-पाचशे माणसांचा. घरचे काय म्हणतील, महाराज काय म्हणतील, कशाचा म्हणून विचार केला नाही. पण तिथूनच सुरुवात केली तर तुम्ही चष्मा नाकावर ओढून म्हणाल, "मॅडम, मधनंच सुरू करू नका. मुद्दा क्रमांक एक." तर घ्या, मुद्दा क्रमांक एक.

भूगोल विभागाचे प्रमुख तुम्ही, आणि मी तासिका तत्त्वावरची नवी बाई. म्हणजे नेमून दिलेले तास घ्यायचे आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा बोलावतात की नाही याची वाट बघत बसायचं. बोलवायचं की नाही, हा शेरा तुमचा. पोरं तुम्हाला मागं "लिहा सर" म्हणायची, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. वर्गात पाऊल टाकलं की "लिहा", घंटा झाली की "उरलेलं उद्या". मधल्या वेळात सगळ्या माना खाली आणि नुसती पेनांची खरखर. तुम्ही स्वल्पविरामसुद्धा तोंडानं सांगायचात. शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जाऊन "लिहा सरांचं आहे का?" म्हटलं की दुकानदार न बोलता गठ्ठा काढून द्यायचा.

मी रोज दौंडहून यायची. चौफुल्याला बस बदलायची आणि पूल ओलांडून कॉलेजात. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. माझा तास नव्हता, मी शेजारच्या रिकाम्या वर्गात नकाशे लावत बसले होते. मधली भिंत कसली, नावाला भिंत. पलीकडं तुमचं चाललं होतं, "लिहा. नागमोडी वळण म्हणजे," मग नदीकडचा वारा आला, दार धाडकन आपटलं, आणि त्याच सुरात, त्याच आवाजात तुम्ही म्हणालात, "दार लाव रे," आणि पुढं, "मंद उताराच्या प्रदेशात नदीच्या प्रवाहाने घेतलेले वळण."

माझ्या हातातला नकाशा खाली पडला, सर. मी तिथंच बाकावर बसले आणि तोंडात पदर कोंबून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

का ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज सांगते. मी बी.ए. केलं ते बहिःस्थ. आई अंथरुणाला खिळलेली, वडील रेल्वेत, घरात करणारी मी एकटी. कॉलेजची पायरी चढले ती फक्त परीक्षेला. पुस्तकं आणायला जमायचं नाही, म्हणून दौंडला स्टेशनजवळच्या दुकानातून तुमच्या नोट्सची झेरॉक्स आणली. आईला औषध दिलं की स्वयंपाकघरात बसून पाठ करायची. त्या नोट्स मूळ कुणा पोरानं तुमच्या वर्गात बसून उतरवलेल्या. तुम्ही जे जे बोललात ते ते त्यानं इमानदारीनं लिहून घेतलं होतं. पुढच्यानं त्यावरून उतरवलं, त्याच्या पुढच्यानं त्यावरून. माझ्यापर्यंत आलं ते असं: "नागमोडी वळण म्हणजे, दारलावरे, मंद उताराच्या प्रदेशात..."

एकच शब्द. दारलावरे. स्वल्पविरामांच्या मधोमध. मला काय कळणार? आमच्या विषयात व्याख्या म्हटलं की कुणा तरी परदेशी माणसाचं नाव हे आलंच. मला वाटलं, असेल कुणी फ्रान्सचा. आणि शहाणपणा कुठं गप्प बसू देतो? पेपरात मी ठळक अक्षरात लिहिलं, "दारलावरे या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाच्या मते." शिवाय खाली रेघ मारली. पट्टीनं.

आणि चांगल्या मार्कांनी पास झाले!

त्या दिवशी भिंतीला कान लावून मला माझा फ्रेंच भूगोलतज्ज्ञ भेटला. वाऱ्यानं आपटणारं एक दार होतं ते. जन्म भीमेकाठी गेला माझा, दौंडच्या पुलावरून नदीचं वळण रोज दिसायचं, आणि मी लिहिलं काय, तर दारलावरे. त्या बाकावर बसूनच मी ठरवलं, की माझ्या हाताखालून जाणारं एकही पोरगं दारलावरे लिहिणार नाही. नोकरी राहो नाहीतर जावो.

ठरवणं सोपं असतं हो. नुकतीच मी एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं सक्रिय अध्ययन म्हणून सांगितलेलं: आपण कमी बोलायचं, पोरांना बोलतं करायचं, प्रश्न टाकायचा, आधी ज्यानं त्यानं विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्यांत मांडायचं. मोठ्या हौसेनं वर्गात गेले. थोडं शिकवलं, विचारलं, "समजलं का?"

"व्हय मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात.

"काय समजलं?"

सगळे आढ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "वळा शेजाऱ्याकडं, बोला आपसात." वळले. एकमेकांकडं बघितलं, हसले, आणि पुन्हा माझ्याकडं तोंड करून बसले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, लिवून द्या की." पालथ्या घड्यावर पाणी! आठवडाभर मी घसा कोरडा केला आणि घरी येऊन आईच्या फोटोपुढं बडबडले.

मग पत्त्यांची युक्ती काढली. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते, ए, बी, सी, डी. प्रश्न टाकायचा, आपल्याला पटेल तो पत्ता वर करायचा. पत्त्यांना कागद कुठून आणायचा? आपल्या भागात लग्नपत्रिकांना काय तोटा! घरटी गठ्ठे. पोरांना म्हटलं आणा, आणि मागच्या कोऱ्या बाजूला अक्षरं काढली. पहिल्यांदा पत्ते वर केले तर निम्म्यांनी उलटे धरलेले. मी विचारलेलं, दख्खनच्या पठाराचा खडक कोणता, आणि समोरून उत्तर आलं, "चि. सौ. कां." वर्ग जो फुटला हसून, की छप्पर उडायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात दारात तुम्ही.

"आवाज कसला येतोय?"

"तास चालू आहे सर."

"ह्याला तास म्हणतात? आठवडी बाजार भरलाय नुसता!"

तुम्ही गेलात, आणि मग स्टाफरूममध्ये आपलं जे पहिलं भांडण झालं ते अख्ख्या कॉलेजनं ऐकलं. शिपाई मुकुंदामामा चहा घेऊन आले होते, ते कपबशा घेऊन उलट्या पावली परत गेले. तुम्ही म्हणालात, "हे मास्तरनं काम टाळायचं शास्त्र हाय." चिडलात की तुमची पुस्तकी भाषा गळून पडायची आणि वडगाव रासाई बाहेर यायची. मी म्हटलं, "तुमच्या वर्गात पोरं लिहितात, शिकत नाहीत." उचलली जीभ लावली टाळ्याला. नोकरीची फिकीरच नाही!

तुमचा आवाज एकदम खाली आला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमची चर्चा वर्गात बसणाऱ्यांसाठी. जी पोरगी वर्गात येऊच शकत न्हाई, जिच्या घरी आजारी माणूस हाय, जी खुरपायला जाती, तिला तुमची चर्चा कशी पोचणार? माझी नोट तिच्या घरी जाती. तिच्या चुलीपाशी जाती. सांगा, काय उत्तर हाय तुमच्याकडं?"

उत्तर होतं, सर. उत्तर तुमच्यासमोरच उभं होतं. ती पोरगी मी होते. तिथंच तोंड उघडून सांगायला हवं होतं, की होय, पोचली, माझ्या चुलीपाशी पोचली, त्या झेरॉक्सवर मी पदवीधर झाले आणि म्हणून आज तुमच्याशी भांडायला इथं उभी आहे. पण मला जिंकायचं होतं ना! आणि दारलावरेची लाज वाटत होती. मी गप्प राहिले. तुम्हाला वाटलं, निरुत्तर झाली.

"दिवाळीपर्यंत," तुम्ही म्हणालात. "दिवाळीच्या आधी मी स्वतः वर्गावर येणार. पोरांना काय येतंय ते बघणार. न्हाई आलं, तर मुकाट्यानं नोट्स द्यायच्या, न्हाईतर जूनला येऊ नका."

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. पत्ते वर व्हायला लागले खरे, पण नवीनच भानगड. एका पोराचे चुलते सरपंच. त्यानं बी वर केलं की त्याच्या मागचे तीन बाक बी. दुसऱ्या गटाचा पोरगा मुद्दाम सी. त्याच्या मागं सगळे सी. प्रश्न पर्जन्यछायेचा, आणि मतदान पॅनेल टू पॅनेल! मी कपाळाला हात लावला. तुम्ही व्हरांड्यातून चालला होतात. खिडकीशी थांबलात, एक मिनिट बघितलंत, आणि आत न येता म्हणालात, "अवो मॅडम, हात वर करून निवडणूक घेतल्यावर असंच व्हनार. गुप्त घ्या की. सोसायटीच्या इलेक्शनला बसल्या न्हाईत का कवा?"

आणि निघून गेलात. नावं ठेवायला थांबला होतात आणि मला वाट दाखवून गेलात. दुसऱ्या दिवसापासून डोळे मिटून, पत्ता छातीशी धरून मत द्यायचं, मी "उघडा" म्हटलं की एकदम दाखवायचं. सरपंचाच्या पुतण्यामागचा बाक पहिल्याच प्रश्नाला फुटला. "तुझं ए कसं काय रं?" म्हणून तो मागं वळला, आणि मागच्यानं त्याला सांगितलं, कसं काय ते. असं भांडण पहिल्यांदा लागलं, खरंखुरं. मी फळ्यापाशी उभी राहून ऐकत होते. मला त्या वेळी पेढे वाटावेसे वाटले होते.

दिवाळीच्या आधी तुम्ही आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "नागमोडी वळण. व्याख्या सांगा."

नेमकं तेच! सगळा भूगोल सोडून तेच. मी खाली बघितलं.

कुणाला येईना. शब्दाला शब्द कुणालाच येत नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग तिसऱ्या बाकावरून अश्विनी उठली. तुमच्याच गावची, जूनपासून कधी तोंड न उघडलेली. तिचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडलांनी नदीकाठी रान केलं. ती म्हणाली, "सर, तशी पाठ न्हाई येत. पण नदी आमच्या रानाला घासूनच वळतीय. ती काढून दावू का?"

तुम्ही मान हलवलीत. तिनं फळ्यावर नदी काढली, बाहेरच्या काठाला पाणी कसं जोरात आदळतं, माती कशी जाते, आतल्या काठाला वाळू कशी साचते, सगळं. तुम्ही उठलात आणि वर्गालाच प्रश्न टाकलात, जसा मी टाकते तसा.

"भावाभावांची वाटणी चाललीय. वळणाच्या आतलं रान एकाला, बाहेरचं दुसऱ्याला. तुम्ही कुठलं मागाल?"

आहाहा! सर, असला प्रश्न मला जन्मात सुचला नसता. डोळे मिटले, पत्ते छातीला लागले, उघडले. वर्ग बरोब्बर मधोमध फुटला. मी म्हटलं, "वळा शेजाऱ्याकडं," आणि मग जी जुंपली!

"बाहेरचंच घ्यायचं. पाणी हाताला हाय, मोटर बसवायला बरं."

"आन् काठच गेला म्हंजी मोटर कुठं बसवतो, हवेत?"

"मग आतल्या वाळूत काय पिकवशील? कलिंगडं?"

"कलिंगडं तर कलिंगडं. रान तरी वाढतंय ना दर पुराला!"

अश्विनीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "आमचं बाहेरचंच हाय. बांध तीनदा मागं घेतलाय आप्पांनी. आजाची चिंच नदीत गेली, मला इचारा!" सणसवाडीच्या कंपनीत शिफ्ट करून येणारा आणि एरवी मागं डुलक्या काढणारा एकजण बाकावर उभाच राहिला होता. तुम्ही हात वर केलात, घसा खाकरलात. उत्तर सांगायची तुमची ती लकब सगळ्या पंचक्रोशीला माहीत. आणि अश्विनी वळून तुम्हाला म्हणाली:

"थांबा सर, सांगू नका! आमचं भांडण अजून मिटलं न्हाई."

लिहा सरांना कुणी थांबा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तुमचा हात तसाच हवेत. मग तो हळूच खाली आला, आणि तुम्ही गेलात आणि शेवटच्या बाकावर, त्या कंपनीतल्या पोराच्या जागेवर जाऊन बसलात. घंटा झाली. कुणी उठेना. दुसरी घंटा झाली तरी दोघं-तिघं फळ्यापाशी वाळूवरून भांडत होते.

बाहेर पडताना तुम्ही दारात थांबलात. तुम्ही फक्त म्हणालात, "मॅडम, दार लावून घेत जा. शेजारच्या वर्गाला त्रास व्हतो."

एवढंच. शाब्बास नाही, काही नाही. तुमच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं, मला वाटलं चेष्टा करताय. पण जिंकले होते मी! बसमध्ये चौफुल्यापर्यंत एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली. आणि जूनमध्ये बोलावणं आलं, त्याच्या आधी लग्नसराई संपताच तुमच्या घरून पिशवीभर लग्नपत्रिका आल्या. मुकुंदामामा म्हणाले, "सरांनी दिल्यात. म्हनले, रद्दीत घालण्यापरीस मॅडमला द्या." दरवर्षी येत राहिल्या, तुम्ही निवृत्त झाल्यावरसुद्धा.

भांडण मात्र आपलं चालूच राहिलं. "वर्गात न येणाऱ्या पोरीचं काय?" हे तुम्ही सोडलं नाहीत, आणि मी गुपचूप हरत गेले. शेवटी माझे प्रश्न कागदावर छापून मी त्याच झेरॉक्सच्या दुकानात ठेवले. आता "लिहा सरांचं द्या" म्हटलं की एका बाजूला तुमची व्याख्या आणि पाठीमागं माझे चार प्रश्न, "घरातल्या कुणाला तरी विचारा आणि भांडा" असं खाली लिहिलेलं. तुमच्या व्याख्येतून दारलावरेला मी माझ्या हातानं खोडलं. तुम्हाला वाटलं, बाई अखेर वठणीवर आली. का आली, ते विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात सांगायलाच आले होते. तुम्ही खाटेवर, उशीला टेकून. तुम्ही विचारलंत, "पोरं भांडतात का अजून?" मी म्हटलं, "भांडतात की." "मंग बरं चाललंय," म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुमच्या मिसेस, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या, आणि मी चहा पिऊन निघून आले. पुन्हा येऊन सांगू, म्हटलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आता काल. सकाळी घाटावर माणूस मावत नव्हतं. केंदूरच्या शाळेत शिकवणारी अश्विनी आली होती, सणसवाडीहून फर्स्ट शिफ्ट बुडवून आलेली पोरं होती, कंपनीचे शर्ट तसेच अंगावर. प्रवचन झालं, आणि मग आपल्याकडची रीत, श्रद्धांजलीची भाषणं. एक उठला, "भरून न निघणारी पोकळी." दुसरा उठला, "कधीही न भरून निघणारी पोकळी." तिसऱ्यानं पोकळीत तालुक्याचं राजकारण घातलं. लोक खाली माना घालून मोबाइल बघत होते. माना खाली, सर! तुमच्या वर्गासारख्या. माझं डोकं तापायला लागलं. तुमच्यावरसुद्धा डिक्टेशन?

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. "मॅडम, दोन शब्द."

मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "मी बोलणार नाही. तुम्ही बोला. वळा शेजाऱ्याकडं. सरांनी तुम्हाला काय शिकवलं ते एक सांगा, आणि सरांशी तुमचं काय भांडण झालं ते एक सांगा."

कुणी हलेना. कावळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मग बायकांच्या घोळक्यात अश्विनी उठली, अंग फिरवून मागच्या बाईकडं तोंड करून बसली आणि सुरू झाली, "मी सरांना एकदा म्हनलं, थांबा, सांगू नका..." कंपनीचे शर्ट वळले. सोसायटीचे चेअरमन वळले. एक म्हातारे आबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायला लागले, बांधावरून तुम्ही दोघं किती वर्षं बोलत नव्हता. कुणी हसलं. कुणी हसता हसता रडलं. बघता बघता सगळा घाट बोलायला लागला, असा की भीमेच्या पलीकडच्या काठावरची माणसं उभी राहून बघायला लागली.

मी माइक ठेवला आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसले. नियम मलाही लागू होता. त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं, दौंडची झेरॉक्स, आईची खाट, दारलावरे, फ्रेंच भूगोलतज्ज्ञ, पट्टीनं मारलेली रेघ.

काकूंनी पदर डोळ्यांवरून काढला. "मंजी ती तू व्हय?"

मी विचारलं, "कोण ती?" त्या म्हणाल्या, "अगं, पेपर तपासाय जायाचे ना हे. एक दिस आले आन् जेवताना हसाय लागले. म्हनले, कुनीतरी आपल्या दाराला शास्त्रज्ञ केलंय. लई हसले. मंग घास तसाच हातात ऱ्हायला. म्हनले, येवढी वर्सं मी शिकवतोय का नुसता बोलतोय, कळंना झालंय मला. त्या दिसापासनं मनाला लागलं त्यांच्या. तू कालेजात आलीस, पोरांस्नी बोलतं केलंस, तवा घरी येऊन म्हनले, ह्या बाईच्या पोरांच्या पेपरात दारलावरे निघायचा न्हाई."

मी विचारलं, "मार्क दिले होते का काकू?"

"दिले की! म्हनले, चूक लिवनाऱ्याची न्हाई, आपल्या दाराची हाय."

म्हणजे दिवाळीच्या आधी तुम्ही मला पकडायला आला नव्हता. नागमोडी वळणच विचारलंत, ते त्यासाठी. शेवटच्या बाकावर बसलात ते त्यासाठी. मी जिंकले म्हणून बसमध्ये हसत होते, आणि तुम्ही तुमच्याच दाराची चूक दुरुस्त झालेली बघून घरी गेला होतात. सर, आपण दोघं एकाच बाजूनं भांडत होतो, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं की तुमचा तो दारलावरे लिहिणारी रोज शेजारच्या वर्गात येते. मला हसू आवरेना. काकूही हसायला लागल्या, डोळे पुसत, तुमच्या दहाव्याला. तुमच्या नोट्सवर मी शिकले सर. ऐकताय ना? तुमच्या नोट्सवर.

गलका वाढतच चालला होता. महाराज घड्याळ बघत होते. मुकुंदामामा, आता पार थकलेत, तरी सवयीनं उठले आणि हात वर करून ओरडायला लागले, "गप ऱ्हावा! आवाज कसला चाललाय!"

मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. म्हटलं, "असू द्या मामा. तास चालू आहे."

मामा सवयीनं दार लावायला मागं वळले. पण घाटाला दार कुठलं असायला, सर!